डबा रिकामा जात नाही

आमच्या घरात ‘पार्सल’ हा शब्द बरीच वर्षं हळू आवाजातच बोलला जायचा. शनिवारी शाळेतून आले की मी आमच्या ह्यांना डोळ्यांनीच विचारायची, आज आणायचं का? हे स्वयंपाकघराकडे एक नजर टाकायचे आणि डोळ्यांनीच सांगायचे, आज नको. कारण स्वयंपाकघरात सासूबाई असायच्या.

सासूबाई उंद्रीच्या शेतकरी घरातल्या. मेहकरला आमच्याकडे राहायला आल्या आणि आल्या त्या दिवसापासून ओट्याचा ताबा त्यांच्याकडे गेला. मी शिक्षिका, हे तहसीलमध्ये कारकून, दोघंही सकाळीच बाहेर पडणारे. खोटं कशाला बोलू, गरम भाकर आयती ताटात पडत असेल तर मी कशाला भांडू? आमचं वाजायचं ते एकाच गोष्टीवरून. मला वाटायचं, आठवड्यातून एक संध्याकाळ गॅस बंद असावा. हॉटेलातून झणझणीत शेवभाजी आणावी, पाय पसरून खावी, आणि घासायला भांडीही पडू नयेत. एवढंच. मी काही राज्य मागत नव्हते.

सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. “घरात दोन बाया असून पार्सल? काऊन, हात मोडले काय आपले?”

त्यांच्या लेखी पार्सल म्हणजे घरून बाहेर जाणारी वस्तू. हे चिखलीला वसतिगृहात शिकत होते, तेव्हा त्या उंद्रीहून सकाळच्या एसटीत ड्रायव्हरच्या हाती भाकरीचा डबा द्यायच्या. स्टँडवर हे उभे असायचे. संध्याकाळच्या गाडीला तोच डबा परत, आणि त्यात मूठभर बोरं नाहीतर चिंचा, कारण डबा रिकामा परत करायचा नाही हे आईनं लहानपणीच कान धरून शिकवलेलं. “पार्सल असं असते,” त्या म्हणायच्या. “घरचं बाहेर जाते. बाहेरचं घरात येते त्याले काय म्हनाव?”

तरी मी हिंमत करून कधीमधी आणायचीच. मग प्लास्टिकच्या पन्नीतली भाजी पाहून त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू मी मेलेला उंदीर आणलाय. रबर सोडवताना त्या हॉटेलवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. गरम रस्सा पन्नीत बांधतो, याले काही वाटत नाही काय! मग भाजी आपल्या पातेल्यात ओतायची, तिला वरून लसणाची फोडणी द्यायची, कोथिंबीर घालायची, उकळी आणायची. म्हणजे गॅस पेटायचाच, भांडी पडायचीच, आणि वर “पाह्य, आता कशी खावासारखी झाली” हे मलाच ऐकावं लागायचं. चिडचिड व्हायची नुसती! त्यातून भाजी खरंच जास्त चांगली लागायची, तेव्हा तर आणखीच.

आणि जेवणं झाली की त्यांचा रोजचा प्रश्न असायचा, “उद्या काय करू?” मेथी का वांगी, पिठलं का वरण. पोट भरलेल्या माणसाला उद्याचं काय सुचणार? आम्ही “काहीही करा” म्हणायचो आणि त्या रागवायच्या. काहीही नावाची भाजी कुठं मिळते ते मले सांगा, म्हणायच्या.

मग एका हिवाळ्यात त्या मोरीत घसरल्या आणि उजवा हात मनगटात मोडला.

प्लास्टर घालून घरी आणलं तेव्हा रिक्षातच त्या ह्यांना म्हणाल्या, “मीच म्हनत होतो ना, हात मोडले काय म्हनून? घे आता.” आम्ही हसलो, त्याही हसल्या. पण घरी येऊन ओट्याजवळ उभ्या राहिल्या, डाव्या हातानं परात जरा सरकवली, आणि खोलीत जाऊन पडल्या. हसू तिथंच संपलं.

सुरुवातीला मी पहाटे उठून सगळं करून पाहिलं. त्यांना न्हाऊ घालायचं, वेणी घालायची, स्वयंपाक करायचा आणि मग शाळा गाठायची. वर्गात फळ्याकडे तोंड करून मी जांभया द्यायला लागले. शेवटी ह्यांनी स्टँडच्या रस्त्यावरच्या एका खानावळीत डबा लावला. एक बाई एकटीच चालवायची ती खानावळ. ऑफिसातून येताना हे डबा आणायचे, सकाळी जाताना परत द्यायचे. चांगला चार खणांचा स्टीलचा डबा, पन्नी नाही, रबर नाही. मी मनातल्या मनात नाचले, लपवत नाही.

सासूबाई मात्र जेवेनात. उपास नाही, तक्रार नाही, अन्नाला नावं ठेवणंही नाही. दोन घास खायच्या आणि म्हणायच्या, “भरलं पोट.” मी म्हटलं, आई, फोडणी देऊ का वरून? तर म्हणाल्या, “राहू दे. कायले?” ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्याच्या भाजीत फोडणी घातली ती ‘कायले’ म्हणते, हे ऐकून मी हातातला लसूण परत ठेवून दिला. त्यांची पोलकी ढगळ दिसायला लागली. आणि ‘उद्या काय करू’ हे त्या आता विचारत नव्हत्या. जेवणं झाली की त्या तोंड फिरवून पडायच्या. हात बरा होईल, डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. पण आपल्यावाचून घर चालतं हे त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यावर कुठलं प्लास्टर घालणार? मला भीती वाटायला लागली, अगदी खरी भीती.

एका सकाळी मी डबा घासून पुसून ह्यांच्या हातात देत होते, तर मागून आवाज आला.

“रिकामा धाडून राह्यली काय वं?”

“अहो आई, खानावळीचा डबा आहे तो. रोज रिकामाच जातो.”

“रोज?” त्या उठून बसल्या. “आन मले कोनी सांगतलं नाही? डबा कोनाच्या घरातून आला का नाही? मंग रिकामा कसा धाडता? लोकं काय म्हनतीन!”

मी म्हटलं, आई, तो व्यवहार आहे, शेजारपाजार नाही. पण त्या ऐकतात थोड्याच? जवसाच्या चटणीची बरणी गुडघ्यांत धरली, डाव्या हातानं झाकण फिरवलं, निम्मी चटणी मांडीवर सांडली, आणि डब्याचा एक खण भरला. मला हातही लावू दिला नाही. हे डबा घेऊन मुकाट गेले. आईपुढं त्यांचं कधी काही चाललंच नाही.

त्या संध्याकाळी आम्ही डबा उघडला, पहिला घास घेतला, आणि ह्यांनी “आई गं!” म्हणून पाण्याचा तांब्याच तोंडाला लावला. वांग्याची भाजी म्हणजे जाळ होता जाळ! माझ्या कानातून धूर निघायचा बाकी होता. सासूबाईंनी मात्र भाकर कुस्करली, वर रस्सा ओतला, आणि नाक पुसत, सूं सूं करत अख्खी भाकर संपवली. “आता कशी भाजी केली बाईनं!” म्हणाल्या. मी तिखटानं रडत होते का आनंदानं, माझं मलाच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी डब्यात लिंबाचं लोणचं गेलं. संध्याकाळी वरण आलं ते इतकं आंबट की दात शिवशिवले. तरी त्या जेवल्या, आणि वर चर्चाही केली: बाईचा हात आज जरा बिघडला, मन ठिकाणावर नसंन तिचं. मग गुळाचा खडा गेला. आली ती गोड बटाट्याची भाजी. आता ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. काय चाललंय हे दोघांनाही समजेना.

रविवारी दुपारी दार वाजलं. दारात खानावळवाली बाई स्वतः, पदर खोचलेला, हातात आमचा डबा.

“काकू कोन हाये इथं?” तिनं विचारलं आणि सरळ सासूबाईंच्या पलंगासमोर जाऊन उभी राहिली. “काकू, आज फैसलाच होऊन जाऊ द्या. तुमी चटणी धाडली, मी तिखट वाढवलं. लोणचं धाडलं, मी लिंबू पिळलं. गूळ धाडला, मी गूळ टाकला. माहे बाकीचे गिऱ्हाईक बोंबलून राह्यले, का बाई भाजी हाये का शिरा! तुमाले पाह्यजे तरी काय? भाजीत काय कमी पडते ते तोंडानं सांगा ना, असे टोमणे काऊन मारता?”

सासूबाई आ वासून पाहत राहिल्या. “टोमणे? मी कायले टोमणे मारू? डबा रिकामा कसा धाडू वं?”

बाईनं हातातला डबा खाली ठेवला. मग तिच्या तोंडून “अवं माय!” निघालं आणि ती खाली फरशीवर बसली. आधी तिला हसू फुटलं, मग सासूबाईंना, मग आम्हाला कुणालाच आवरेना. प्लास्टरचा हात पोटाशी धरून सासूबाई हसत होत्या, “दुखते वं, हसवू नोको” म्हणत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. किती दिवसांनी ऐकत होते मी तो आवाज!

“इतके वर्सं डबे धाडून राह्यली मी,” बाई डोळे पुसत म्हणाली. “खरकटा येते, बिनझाकनाचा येते, कधी येतच नाही. भरून कोनी धाडला नाही. मले वाटलं, हा टोमणाच असंन.”

मी चहा ठेवला. सासूबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, “तू कवा जेवतं?”

“सारे डबे गेले का मंग. उभ्या उभ्याच. कढईले जे लागलं असंन ते.”

“कोनाच्या हातचं?”

“माह्याच हातचं. आनखी कोन करून घालते मले?”

सासूबाई कपातला चहा निवेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिल्या.

त्या दिवसापासून त्या जेवायला लागल्या. डब्यातून कधी वाळवणातल्या खारोड्या जायच्या, कधी शेवया, आणि तिकडून निरोप यायचा, काकूले सांगा आज मीठ नीट हाये. यथावकाश प्लास्टर निघालं. पण मनगट लाकडासारखं झालेलं. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितला. “मी काय लेकरू हाव?” म्हणून चेंडू कपाटात गेला आणि त्यांनी कणकेचा गोळा घेतला. रोज तोच दाबत बसायच्या, दात ओठ खाऊन.

उन्हाळ्याची मॉर्निंग शाळा सुरू झाली, मी दुपारीच घरी यायला लागले, तसा आम्ही डबा बंद केला. पण शेवटचा डबा त्या परत देऊ देईनात. म्हटलं, चटणी भरा. नाही. खारोड्या? नाही. “भरून द्याचा,” एवढंच म्हणायच्या. तिकडे बाईचे ह्यांना फोन: साहेब, डबा? हे बिचारे लाजेनं दुसऱ्या रस्त्यानं ऑफिसला जायला लागले. डबा आपला ओट्यावर, आणि सासूबाई त्याच्याशेजारी परात घेऊन. भाकर थापायला जायच्या आणि ती मधोमध फाटायची. फाटलेली गाईला जायची. एकदा तर त्यांनी पीठ तसंच टाकलं आणि म्हणाल्या, “संपलं माहं.” मी त्यांचा तो कडक हात माझ्या हातात घेऊन बसले.

मग एका रविवारी सकाळी मी उठले ती थापण्याच्या आवाजानं. धप्, धप्. पळतच गेले. तव्यावर एक भाकर होती. गोल म्हणावी तर गोल नाही, एका बाजूला जाड, पण अखंड. पुन्हा सांगते, अखंड! हे मागून आले, जिभल्या चाटत उभे राहिले, पहिली भाकर आपलीच या खात्रीनं. सासूबाईंनी भाकर फडक्यात गुंडाळली, खानावळीच्या डब्यात ठेवली, शेजारच्या खणात भरीत भरलं आणि डबा माझ्या हातात दिला.

“जाय. तिले म्हन, पार्सल आलं. तिच्यासमोर उभी राह्य आन तिले बसवून खाऊ घाल. उभ्यानं नाही.”

मी स्कूटी काढली. खानावळीत ऐन गर्दी, बाईच्या दोन्ही हातांना पीठ. मी म्हटलं, काकूंनी पार्सल पाठवलंय. तिनं डबा उघडला, पाहिलं, आणि गिऱ्हाइकांना म्हणाली, “थांबा जरा सारे.” हात धुतले. पाट घेऊन खाली बसली आणि भाकर खायला लागली. खाताना वर पाहिलंच नाही तिनं. शेवटचा तुकडा भरताला लावून खाल्ला, मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, “काकूले सांगा, भाकर जाड झाली.”

आता हा निरोप द्यावा की गिळावा, मला प्रश्नच पडला. सासूबाईंच्या भाकरीला जाड म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. पण त्या दारातच उभ्या होत्या, तेव्हा सांगून टाकलं.

त्या खळखळून हसल्या. “जाड झाली म्हने! खरं बोलली बाई. उद्या पातळ करतो.”

उद्या! मी तिथंच पायरीवर बसले.

आतून ह्यांचा आवाज आला, “आई, आन आमच्या जेवनाचं काय?”

सासूबाईंनी दुखरं मनगट चोळलं. “एकच जमली, गेली तिले. मले भूक लय लागली. तुमी दोघं काऊन बसले असे? जा, पार्सल आना.”