सातबोटे मामांचा नावडता शब्द

‘ॲक्सिडेंट’ हा शब्द सातबोटे मामांसमोर ज्यानं उच्चारला, त्याच्या थोबाडीत बसली. मामा डावखुरे. डाव्या हाताची तीन बोटं प्रेसखाली गेलेली, त्यामुळे मार खाणाऱ्याच्या गालावर दोनच वळ उठत. सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या आमच्या कारखान्यात असे दोन वळ घेऊन कोणी फिरताना दिसला की लोक विचारत, “काय भो, ॲक्सिडेंट बोलला काय?”

सातबोटे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. मामा अमळनेरकडचे. पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर डाय, म्हणजे खालचा साचा, बसवण्याचं काम करायचे. मी शहाद्याजवळच्या खेड्यातून बी.ए. होऊन ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सिल्वासाला आलो आणि या कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा कारकून म्हणून लागलो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. ॲक्सिडेंट रजिस्टर इंग्रजीत भरावं लागे, म्हणून ते माझ्या टेबलावर आलं.

इंग्रजी न येणाऱ्यांनाही तो शब्द येत असे. खानदेशी, गुजराती, बिहारी, सगळ्यांना चाले. सायकलला सायकल घासली, ॲक्सिडेंट. बोट गेलं, ॲक्सिडेंट. दारू पिऊन दोघांनी एकमेकांची डोकी फोडली तरी दवाखान्यात सांगायचं तेच. मामा म्हणत, “गारा पडतात तसा वरून पडतो काय रे तो? कोणीतरी करतं तेव्हा होतं. नाव घे त्याचं.” स्वतःच्या बोटांबद्दल कोणी हळहळलं की ते शांतपणे सांगत, “माझी मीच घालवली. घाई केली.”

आमच्या चाळीत एकानं बायकोच्या डोक्यात तवा घातला. बाई उंबऱ्यात बसलेली, पदर रक्तानं भिजलेला, आणि हा जमलेल्या लोकांना सांगतोय, “पडली ती. ॲक्सिडेंट झाला.” मामांनी पहिल्याच फटक्यात त्याचा दात पाडला. तो खाली पडल्यावरही ते लाथा घालत राहिले. आम्ही चौघांनी ओढून त्यांना बाजूला केलं. चौकीवर हवालदार मामांना ओळखत होता. त्यानं वाट काढून दिली, “झटापटीत लागलं असेल. ॲक्सिडेंटच म्हणायचा.”

मामा म्हणाले, “नाही साहेब. मी मारलं. पडल्यावरही मारलं, ते पण लिहा.”

दोन दिवस आत बसून आले आणि सरळ त्या बाईच्या दारात गेले. “तुझ्या पोरांसमोर मारलं त्याला. ते माझं चुकलं,” एवढं बोलून परत फिरले.

कारखान्यात प्रेसला दोन बटणं असत. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच पंच, म्हणजे पत्रा कापणारा वरचा ठोकळा, खाली येई, म्हणजे हात आपोआप बाहेर राहत. पण काम उरकायचं असलं की एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधत. मग एक हात पत्रा सरकवायला मोकळा. मामांची बोटं अशीच गेली होती.

मी आल्यावर कारखान्यात एक सुधारणा केली होती. प्रत्येक प्रेसवर किती नग निघाले ते रोज फळ्यावर लिहायचो आणि सर्वांत मागे असलेल्याच्या नावाभोवती लाल खडूनं गोल काढायचो. मॅनेजर साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. गावी पत्रातही मी ते कळवलं होतं. भिका नावाचा साक्रीकडचा कामगार सलग चार दिवस त्या लाल गोलात होता.

पाचव्या दिवशी दुपारी भिकाची किंकाळी ऑफिसपर्यंत आली. मी पोचलो तेव्हा मामा प्रेसचं चाक हातानं उलटं फिरवून पंच वर घेत होते. खालून जे निघालं त्याला हात म्हणवत नव्हतं. डायवरून रक्त ठिबकत होतं आणि एका बटणावर ट्यूबची पट्टी तशीच आवळलेली होती.

सुपरवायझर माझ्या टेबलाशी आला. “लिही, ॲक्सिडेंट. कामगाराचा निष्काळजीपणा. खतम.” तसं लिहिलं की भिकाला ना भरपाई, ना काम. मला ते माहीत होतं. मी लिहिलं.

भिकाला गाडीत घालून मामा आले. शर्ट रक्तानं कडक झालेला. “काय लिहिलं?”

“ॲक्सिडेंट.”

खुर्चीसकट मी भिंतीवर आदळलो. कानात घूं घूं आवाज होत होता. मामा माझ्यासमोर उकिडवे बसले. “खोड ते. लिही, बटण बांधलं होतं. बांधलं मी, सकाळी. बांधायला लावलं सुपरवायझरनं. दोघांची नावं घे.”

“मामा, तुमची नोकरी जाईल.”

“त्याचा हात गेला.”

मी खोडलं आणि ते सांगतील तसं इंग्रजीत लिहिलं. लिहिताना समोरच्या भिंतीवर फळा होता. भिकाच्या नावाभोवतीचा गोल मी सकाळीच काढलेला, ताजा, लालभडक. मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी पानावर उरलेल्या दोन बोटांनी थोपटलं.

“सगळी नावं घेतली ना?”

“हो, मामा.”

त्या पानामुळे भिकाला भरपाई मिळाली आणि गेटवर बसायचं काम मिळालं. सुपरवायझरची दुसरीकडे बदली झाली. मामांना आठवड्यात काढलं. सिल्वासाच्या एस.टी. स्टँडवर मी त्यांची पेटी टपावर चढवली. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला, जिथे मारलं होतं तिथेच. “शिकलेली माणसं लपवतात, भो. तू नाही लपवलं.”

बस सुटली. मी कारखान्यात जाऊन फळा पुसला आणि पुन्हा गोल काढला नाही. का, ते कोणी विचारलं नाही.

काही वर्षांनी मामा वारल्याचं अमळनेरहून कळलं. जायला हवं होतं, गेलो नाही. आजही कोणी ॲक्सिडेंट म्हटलं की माझा हात गालाकडे जातो. मामा, त्या पानावर दोनच नावं आहेत. तिसरं माझं हवं होतं.