फोटोसाठी राखलेलं गवत

धुरपताबाईविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. जमेल का, माहीत नाही. पण ते गवत आठवलं की अजून डोकं तापतं.

आमचं गाव कंधारच्या वाटेवर असलं तरी नव्या लातूर जिल्ह्यात गेलं, आणि पाठोपाठ दुष्काळ आला. धुरपताबाई एकटी, शेत नाही. दारात एक देवणी गाय, तीही गाभण. बाई दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची आणि येताना बांध धुंडाळून मूठभर काडी आणायची. गाय बसली तर पुन्हा उठायची नाही, एवढीच तिला धास्ती.

गावच्या विहिरीवर पाण्याचं इंजिन बसवून सरकारनं खाली गिन्नी गवताचा तुकडा लावला होता, गरिबांच्या जनावरांसाठी. पहिली कापणी तिच्या गाईनं दांड्यासकट संपवली. मग युरिया टाकला, पाणी दिलं. महिन्याभरात गवत कमरेला लागलं, काळंभोर हिरवं. कापणार, तेवढ्यात निरोप आला. मोठे साहेब बघायला येणार, तोवर विळा लावायचा नाही.

साहेब आले नाहीत. तारीख पुढं गेली, पुन्हा गेली. दर वेळी रंग टिकावा म्हणून वर युरिया पडायचा. सरपंच बसवंतअप्पांनी राखणीला माणूस बसवला. धुरपताबाई रोज त्यांच्या दारात जाऊन सांगायची, गवत निबर होऊन राहिलंय, कापू द्या. यात नवं काही नव्हतं. तुकड्यावरच्या सरकारी पाटीवरच लिहिलं होतं, तुरा येण्याआधी कापावे. सगळे पाटी वाचत होते आणि तारखेची वाट बघत होते.

जीपगाड्या आल्या तेव्हा गवत डोक्याएवढं, तुरे फुटलेले, दांडे लाकडासारखे. गरीब बाईच्या हातून गाईला पहिली पेंढी चारावी, असं अप्पांनी ठरवलं. गाईच्या गळ्यात हार घातला. गाईनं हुंगलं, शेंड्याची दोन पानं ओढली आणि तोंड फिरवलं. माणसं हसली. फोटोवाला म्हणाला, पेंढीत थोडी सरकी घाला, म्हणजे तोंड लावील.

"काय गं धुरपते, उपाशी गाय अन् एवढा नखरा?" अप्पा म्हणाले.

"तुमच्या ताटात धसकटं वाढते अप्पा, मंग बघू कोण नखरा करतंय."

एवढं बोलून ती गवतात शिरली आणि बुडातून कापत सुटली. तिकडं भाषण सुरू, इकडं हिचा विळा. एक अधिकारी धावत आला. बाई थांबा, अजून फोटो व्हायचेत.

"फोटो गाईला चारा. मला खालून कवळं फुटवायचंय."

बघता बघता आणखी दोघी विळे घेऊन आल्या. हारतुरे आटपेपर्यंत तुकडा भुंडा झाला होता.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरचं इंजिन न्यायला ट्रॅक्टर आला. पाहणी झाली, आता पाण्याचं काय काम, असं सरकारी माणसांचं म्हणणं. धुरपताबाई इंजिनावर जाऊन बसली. अप्पांनी समजावलं, पोलिसाचं नाव घेतलं. ती हलली नाही. मग त्या दोघीही शेजारी बसल्या. ट्रॅक्टर रिकामा गेला.

इंजिन पुढं नेलंच त्यांनी. पण तोवर दोन कापण्या झाल्या होत्या आणि गाय व्याली होती.