प्रत्येकाला धन्यवाद

माझ्या नेरच्या साडूइतका सभ्य माणूस अख्ख्या फेसबुकवर दुसरा सापडायचा नाही. ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले, त्याच्या फोटो स्टुडिओत चिटपाखरू फिरकेना, शटर कायमचं ओढायची पाळी आली, तेव्हा कोणीतरी सुचवलं, फेसबुकवर जाहिरात कर. झालं! साडू बाजारात दुकानोदुकानी हिंडू लागला. ओळखीचा माणूस दिसला की त्याचा मोबाइल मागून घ्यायचा, आपल्या फोटोवर आपल्याच बोटानं लाईक दाबायचा आणि वर हात जोडून "धन्यवाद भाऊ" म्हणायचं. कोणी फोटोखाली काही लिहिलं, तर उत्तर दिल्याशिवाय पठ्ठ्या जेवायचा नाही. वाचायचा मात्र नाही. "वाचत बसलो तं धन्यवाद कवा म्हणू?"

त्याच भरात त्यानं आमच्या सासऱ्यांचा, मामाजींचा, फोटो स्टुडिओची जाहिरात म्हणून टाकला. पांढरी टोपी, कोरा सदरा, मागे निळा पडदा. आता आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाचा एकट्याचा फोटो दिसला की मजकूर कोणी वाचत नाही, हात जोडून मोकळे होतात. 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. साडूनं प्रत्येकाला लिहिलं, 'धन्यवाद, असाच लोभ असू द्या.' दुसऱ्या दिवशी मामाजींची बहीण ढाणकीहून आली ती गळा काढतच. मामाजी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनीच घाबरून विचारलं, "कोण गेलं व बाई?"

गावातल्या म्हाताऱ्यांनी असा धसका घेतला, की साडूचा कॅमेरा दिसला की ते गल्ली बदलायचे. स्टुडिओ बुडाल्यातच जमा होता. मग मामाजीच पुढे झाले. "लाव तुही मशीन," म्हणाले आणि व्हिडिओत ठणकावलं, "पाहा, मी जित्ता आहो. आत्ताच भाकर-ठेचा हाणला. भेता कायले? या फोटो काढाले!" तो व्हिडिओ पार महागावपर्यंत फिरला. नातवंडं आजी-आजोबांना नटवून आणू लागली. शटर वाचलं.

यंदा मामाजी खरंच गेले. साडूनं तोच फोटो निधनाच्या मजकुरासह टाकला. पण मजकूर वाचतंय कोण? लोक एकदा फसलेले. खाली हसणारे चेहरे आणि 'बाबाजी, आज ठेचा हाणला का?' मला राहवेना. म्हटलं, "अरे, सांगून टाक ना त्यांना."

साडू डोळे पुसत एकेकाला धन्यवाद लिहीत होता. या वेळी मात्र आधी वाचत होता, अक्षर न् अक्षर.

"राहू द्या ना भाऊ," तो म्हणाला, "तेवढेच लोक तं त्याईले जित्ते समजून राह्यले."