दात काढा

माझे काका दात बनवतात. वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे आणि त्याच इमारतीत जिन्याखालच्या खोलीत काकांची लॅब. वरून तोंडाचे साचे खाली येतात, खालून कवळ्या वर जातात. खोलीत कायम प्लास्टरची पांढरी धूळ उडत असते, त्यामुळे संध्याकाळी काका घरात शिरतात ते पिठाच्या डब्यात पडून उठल्यासारखे. नोकरी लागल्यापासून मी त्यांच्याकडेच राहतो. खायची-प्यायची चंगळ आहे. फक्त काकूंची बोलणी आणि काकांची चित्रं, या दोन्हींसमोर गप्प बसता यावं लागतं.

काकांना चित्रांचा नाद आहे, तोही माणसांच्या चेहऱ्यांचा. डोंगर, झाडं, सफरचंदं यांत त्यांना गोडी नाही. आमच्या घराण्यातलं एकही माणूस त्यांच्या ब्रशातून सुटलेलं नाही, आणि त्या प्रत्येक चित्रात माणूस हसतं आहे, अगदी मोकळेपणाने, सगळे दात दाखवून. दात पाहावेत तर एका ओळीत, चकचकीत, कुठे खोट नाही. माझ्या वडिलांचा पुढचा दात लहानपणी सायकलवरून पडून अर्धा तुटला, तो काकांच्या चित्रात अख्खा आहे. आत्याच्या दातांत एवढी फट आहे की 'साखर' म्हणताना शिट्टी वाजते. चित्रात फट गायब. वडील म्हणतात, "ह्याच्याकडून चित्र काढून घ्यावं, डॉक्टरची खुर्ची टळते." काका यावर हसतात. चेष्टा त्यांना चालायची, प्रदर्शनाचं निघेपर्यंत तरी.

दर रविवारी ते चित्रकलेच्या वर्गाला जातात. शाळेतून निवृत्त झालेले एक सर हा वर्ग घेतात. येणारे सगळे हौशी. या वर्षी सरांनी वाचनालयाचा हॉल प्रदर्शनासाठी मागून घेतला आणि प्रत्येकाला भिंतीवर एकेका चित्राची जागा दिली. काकांचं चित्र आजवर घराबाहेर कुठे लागलेलं नव्हतं. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की हे चित्र जमलं तर आपण चित्रकार, नाही तर हा नाद इथेच संपला. हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं, काकूंना सांगू नकोस म्हणून. काकूंना ते त्यांच्या तोंडावरूनच कळलं होतं.

चित्र काकूंचंच होतं. आता काकूंचा समोरचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला आहे, हे आम्हाला ऐकीव माहीत. बघायला कोणाला मिळत नाही. काकू ओठ घट्ट मिटून हसतात, आणि हसू फारच अनावर झालं तर हातातलं फडकं तोंडावर धरतात. चित्रातल्या काकू मात्र तोंड उघडून हसत होत्या, आणि दात, सांगायला नकोच, एका ओळीत.

कॅनव्हास मोठा म्हणून तो वर्गापर्यंत उचलून न्यायला मी. सर बोलायला महाकंजूष. एकेकाच्या पाठीमागे जाऊन उभे राहतात, दोन शब्द टाकतात आणि पुढे सरकतात. काकांच्या मागे ते बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "दात काढा," आणि गेले.

काका घरी आले ते तरंगतच. आठवडाभर कामावरून आले की हातपाय धुऊन थेट कॅनव्हाससमोर. एकेक दात त्यांनी असा काढला की विचारू नका. प्रत्येकाला वेगळी झाक, कडेला किंचित निळसर, हिरडीपाशी थोडा पिवळा. शेवटी शेवटी त्या चित्रात काकू कमी आणि दातच जास्त झाले.

पुढच्या रविवारी सर आले, पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"मी दात काढायला सांगितले होते."

"काढले की, सर," काका म्हणाले. "सगळे काढले."

सर जरा गोंधळले. "काढून टाका म्हणत होतो मी."

वर्गात जो हशा उसळला तो आवरेना. निवृत्त झालेले एक बस ड्रायव्हर वर्गाला येतात आणि फक्त बोटींची चित्रं काढतात, ते डोळे पुसत म्हणाले, "काका, आमच्या बोटीला पण एक कवळी बसवा." सरही हसले. काका तर सगळ्यांत मोठ्याने हसले, आणि मला काळजी वाटली ती तिथेच.

घरी आल्यावर त्यांनी कॅनव्हास कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवला, रंग चपलांच्या रिकाम्या खोक्यात भरले. ब्रश दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये नेले, साच्यांवरची धूळ झाडायला.

"शुक्रवारी वाचनालयात सांगून येतो," ते जेवताना म्हणाले. "माझी जागा दुसऱ्या कोणाला द्या म्हणून."

"या सांगून," काकू म्हणाल्या आणि वाढायला उठल्या.

मी पडलो गावच्या शाळेत निबंधाची बक्षिसं मारलेला माणूस. धीर देणं म्हणजे माझ्या हातचा मळ. मी गादीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि सुरुवात केली, "काका, अपयश म्हणजे—"

"ते वाक्य पुरं करू नकोस."

मी नाही केलं. मग तेच म्हणाले, "चुकीचं ऐकलं याचं मला काही नाही रे. माणूस चुकीचं ऐकतो. पण आठवडाभर मी ते दात रंगवत बसलो आणि मला ते आवडत होते. मी लांबून बघायचो, जवळून बघायचो, खूश व्हायचो. म्हणजे मला दिसतच नाही. आणि ज्याला दिसत नाही त्याने काढायचं कशाला?"

मी उठून दिवा मालवला. निबंधाच्या स्पर्धेत हा विषय कधी आला नव्हता.

तीन माणसांच्या घरात एक गप्प झालं की बाकीचे दोघं कुजबुजत बोलायला लागतात, तसं आमचं झालं. त्याच आठवड्यात एके दिवशी काका डबा घरीच विसरून गेले. मला सुट्टी होती. मी डबा घेऊन निघालो तर काकू म्हणाल्या, "थांब, मीही येते. निदान खातायत का बघते."

लॅबमध्ये एक आजीबाई स्टुलावर बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना वरून खाली पाठवलं होतं. नव्या कवळीचे दात आधी मेणात बसवतात, माणसाच्या तोंडात घालून बघतात आणि पटलं तरच पक्के करतात. आजीबाईंना पटलं नव्हतं.

"फार सुंदर झालेत," त्या म्हणाल्या. "तेवढीच तक्रार आहे."

"सुंदर ही तक्रार?" काकांनी विचारलं.

"आरशात बघितलं तर वाटलं, घरात कोणी पाहुणी आलीय. माझा हा इथला दात जरा आत होता."

"आत म्हणजे किती?"

"आता ते कसं सांगू? मी काय तोंडात शिरून बघितलंय?"

काकांनी स्पिरिटचा दिवा पेटवला, छोटी सुरी तापवली, मेण मऊ केलं आणि दात आत सारला. आजीबाईंनी कवळी घातली, आरसा धरला.

"आता भांडखोर दिसते."

"नाही का तुम्ही?"

"आहे. पण इतकी नाही."

पुन्हा सुरी, पुन्हा मेण. मग म्हणे बिचारी दिसते. पुन्हा मेण. मग म्हणे बहिणीसारखी दिसते, आणि बहिणीशी त्यांचं पटत नव्हतं. आम्ही दोघं दारापाशी डबा धरून उभे. काका मात्र मजेत होते. तोंडाने काहीतरी गुणगुणत होते, आजीबाईंना हनुवटी वर करायला सांगत होते, आणि रविवारपासून मी त्यांना इतकं रंगलेलं पाहिलं नव्हतं. अखेर आजीबाई आरशात बघत बसल्या त्या बसल्याच. मग काकूंकडे वळून म्हणाल्या, "हां. ही मी."

त्या गेल्यावर काकूंनी डबा उघडून पुढ्यात ठेवला.

"किती वेळा नको म्हणाल्या हो त्या?"

"मोजतंय कोण."

"राग नाही आला?"

"राग कसला? मेण आहे ते. हलवायलाच असतं."

"आपल्याला काही येत नाही, असं वाटलं?"

"अगं, दात बसला नाही तर बसला नाही. पुन्हा बसवायचा. त्यात माझा काय संबंध?"

"मग चित्रातच तुमचा एवढा संबंध कुठून येतो?"

काकांचा घास हातातच राहिला. काकूंनी विषय तिथेच सोडला आणि डब्याचं झाकण पुसायला घेतलं. चालत्या गाडीतून असं मधेच उतरणं त्यांना सहसा जमत नाही, त्या दिवशी जमलं.

संध्याकाळी कॅनव्हास कपाटामागून बाहेर आला. ब्रशही परत आले, पण प्लास्टर धुऊन काढेपर्यंत त्यांचे निम्मे केस गेले.

"बस," काका म्हणाले. "आता तुझा खरा दात काढतो. चढलेला."

"खबरदार. एवढी वर्षं तोंड मिटून हसले ती काय वाचनालयाच्या भिंतीवर टांगून घ्यायला?"

"मग मीट तोंड."

"मिटलं."

"असं नाही. हसताना मिटतेस तसं."

"हसू यायला नको? तुमच्याकडे बघून आता रडू येतं."

शेवटी मी ड्रायव्हरसाहेबांच्या बोटींची नक्कल करून दाखवली, तेव्हा जमलं. काकांनी लॅबच्या सुरीने ते आठवडाभराचे दात खरवडून काढले. एकेक करून सगळे. चेहऱ्याच्या मध्यभागी एक धुरकट भोक उरलं, आणि त्याच्यासमोर काका ब्रश धरून उभे राहिले, काही न करता.

"काय झालं?" मी विचारलं.

"दात नाहीत," ते हळूच म्हणाले. "आता काय काढू?"

मला वाटलं विनोद करतायत. विनोद नव्हता. दात काढताना त्यांचा हात कधी अडला नव्हता. ती त्यांची रोजची वाट. चेहऱ्यात इतर काही जमत नसलं की ते तिकडेच जाऊन बसत असणार. आता ती जागाच राहिली नव्हती.

पहिल्यांदा काढलेल्या ओठांनी काकू विजेचं बिल वाचत असल्यासारख्या दिसायला लागल्या. काकांनी ते खरवडले. दुसऱ्यांदा लिंबू चोखल्यासारख्या. तेही गेले. दर वेळी मला वाटायचं, आता हे ब्रश फेकणार आणि खोकं पुन्हा भरणार. तर हे गृहस्थ "मेण आहे, मेण आहे" असं पुटपुटत सुरी उचलायचे. शुक्रवार आला आणि गेला. वाचनालयात कोणी काही सांगायला गेलं नाही.

त्या दाताच्या चढण्यामुळे काकूंचा वरचा ओठ एका बाजूला जरासा उचललेला असतो. मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवतो, पण चित्रात उतरला तेव्हा तो मला पहिल्यांदा दिसला. काकांना इतकी वर्षं तो दिसला नव्हता, की दिसत होता आणि हात आपोआप दुरुस्त करत होता, देव जाणे.

प्रदर्शनाच्या दिवशी काकू चित्राजवळ फिरकल्या नाहीत. वर्तमानपत्रांच्या मांडणीशी उभं राहून, कोण थांबतं आणि कोण न थांबता जातं, यावर त्यांनी डोळा ठेवला. ड्रायव्हरसाहेब थांबले.

"काका, बाई आतल्या आत कशाला हसतायत?"

"तुमच्या बोटीला," काका म्हणाले.

मग सर आले. मागे हात बांधून बराच वेळ उभे. काका शेजारी अगदी सरळ उभे, शाळेत निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

"चेहरा आलाय," सर म्हणाले. "ओठांचा डावा कोपरा कच्चा आहे."

मी काकांकडे पाहिलंच नाही. पण ते चित्राकडे वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हो. तिथे मला अजून येत नाही. कसा धरायचा तो?"

आणि सर बोलायला लागले. हा माणूस एवढा बोलू शकतो हे वर्गातल्या कोणाला ठाऊक नव्हतं. बोटाने हवेत कोपरे काढून दाखवत होते, काका माना डोलावत होते, आणि हॉल बंद करायला आलेल्या शिपायाला बाजूला खोळंबून राहावं लागलं.

घरी येताना काका आमच्या पुढे चालत होते, हात मोकळे सोडून.

"मी एवढी जाड आहे का हो?" काकूंनी मागून विचारलं.

"आहेस."

"बरं."

सध्या नंबर माझा आहे. रविवारी सकाळपासून मी खिडकीशी स्टुलावर बसतो. बोलायचं नाही आणि मान हलवायची नाही. काकांच्या मते माझा जीव माझ्या कानांत आहे, आणि कान त्यांच्या हाती लागत नाहीत. एक खरवडून झालाय, दुसराही जाईल असं दिसतंय. मान तर केव्हाच अवघडली. काकू मधूनच फडक्याला हात पुसत आत येतात, कॅनव्हासकडे बघतात आणि विचारतात, "येतंय का काही?"

"येत नाहीये," काका खुशीत म्हणतात आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवतात.