पिळून टाकलेला चीक

आमच्या घरात मेंढी व्याली की आधी चीक, मग बाकी सगळं. पहिलारू मेंढी कधीकधी पिलाला जवळ येऊ देत नाही, लाथा झाडते. मग आई तिला गुडघ्यांत दाबून धरायची, सड चोळून दूध मोकळं करायची आणि कोकराचं तोंड तिथं नेऊन लावायची. तोवर चहा नाही, भाकर नाही. कुणी उशीर केला की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, "चीक गेला न्हाई पोटात तर जगंल का ते?" तलवाड्याजवळच्या आमच्या वस्तीवर लोक अडलेली मेंढी घेऊन तिच्याकडेच यायचे.

हे सगळं बघत मी मोठी झाले. बारावी शिकले. आणि तरीही माझ्या पहिल्या मुलीच्या वेळी मी जे करायचं नाही ते केलंच.

मुलगी सरकारी दवाखान्यात झाली, सकाळी. सिस्टरनं बाळ छातीशी देऊन सांगितलं, "आत्ताच पाजा. पिवळं दूध टाकायचं नाही." मी मान डोलवली. मान डोलवण्यात मी पहिल्यापासून हुशार. सिस्टर पुढच्या खाटेकडे वळली तशी आई कानाशी आली. "तीन दिस पाजायचं नसतंय, बाई. जड असतंय ते, लेकराला बाधतंय. मीबी तुला न्हाई पाजलं."

"कोकराला तर पाजतीस की," मी म्हणाले.

ती रागावली नाही, हसली. "जनावराचं येगळं, माणसाचं येगळं. लई शिकलीस म्हणून मलाच शिकवती का?"

मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. आई चुलीतली राख वाटीत घेऊन समोर बसायची आणि मी त्या राखेत दूध पिळायचे. घट्ट, पिवळंधमक, थेंबथेंब. बाळाच्या तोंडात गुळाच्या पाण्यात बुडवलेला कापसाचा बोळा. तो ती चुटूचुटू चोखायची आणि आम्ही मायलेकी कौतुकानं बघत राहायचो.

तिसऱ्या दिवशी छाती तटून दगड झाली, अंगात ताप भरला. आता पाजायचं म्हणून तिला पदराखाली घेतलं, तर ती तोंडच लावेना. तिला बोळ्याची सवय, मला धरायची अक्कल नाही. आईनं मागून तिचं डोकं दाबून धरलं, कोकराचं धरायची तसं. लेकरू किंचाळलं, लालनिळं झालं. चौथ्या दिवशी सकाळी ते किंचाळणंही थांबलं. हलवलं तरी उठेना, डोळे पिवळे, टाळू खोल गेलेली. भावानं जीप आणली आणि आम्ही बीड गाठलं.

मोठ्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, पोटात दूध नाही आणि रक्तात जंतू आहेत. "वरचं काही पाजलं होतं का?" आई माझ्याकडे बघायला लागली, मी फरशीकडे. त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की तिच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. पण पिळणारे हात माझे होते, ते कुठं लपवू?

पाचव्या दिवशी घरी माझ्या आत्यानं बाळाशिवायच पाचवी पुजली. सटवाई नशीब लिहायला आली असेल, तर कुणाच्या कपाळावर लिहून गेली कोण जाणे.

मी तिकडे दर दोन तासांनी वाटीत दूध काढत होते. ते नळीतून तिच्या पोटात जायचं. सातव्या दिवशी ती थोडी हुशार झाली, तेव्हा तिथली एक वयस्क सिस्टर मला खुर्चीत बसवून म्हणाली, "वाकू नको, माय. तू लेकराकडं जाऊ नको, लेकराला तुझ्याकडं आण. पोटाला पोट लाव. डोकं दाबू नको, मानंला नुसता हात दे. तोंड मोठं उघडंस्तोवर थांब." दोन दिवस मी थांबत होते. तिच्या ओठाला दूध लावायचे आणि थांबायचे. ती जीभ बाहेर काढायची, दमून झोपून जायची.

नवव्या दिवशी दुपारी तिनं तोंड उघडलं, जांभई दिल्यासारखं मोठं. मी तिला जवळ ओढलं आणि तिनं धरलं. ओढ थेट पाठीपर्यंत जाणवली. मग गिळल्याचा आवाज आला. मी मोठ्यानं ओरडले, "ओढतीय, ओढतीय!" आजूबाजूच्या बाळंतिणी हसायला लागल्या. किती वेळ प्यायली असेल? दहा मिनिटं. पिताना तिचा एक हात माझ्या छातीवर पसरला होता.

संध्याकाळी तिला पुन्हा ताप चढला. दहाव्या दिवशी सकाळी ती गेली. नाव ठेवायचं राहूनच गेलं.

दूध मात्र येतच राहिलं. आई माझी छाती लुगड्याच्या पट्टीनं करकचून बांधायची आणि बांधताना माझ्या तोंडाकडे बघायची नाही.

तीन वर्षांनी त्याच सरकारी दवाखान्यात दुसरी मुलगी झाली. नाळ कापून बाळ माझ्या हातात आलं, तेव्हा आईच म्हणाली, "पाज. आधी पाज." मी पोटाला पोट लावलं, थांबले, आणि बाळानं पहिल्याच खेपेला धरलं. सिस्टर नवी होती, कॉलेजातून आल्यासारखी पोर. तिला फार नवल वाटलं. "किती छान धरलंय! कुणी शिकवलं तुम्हाला?"

"हिच्या थोरल्या बहिणीनं," मी म्हणाले.

तिला वाटलं, मी थट्टा करतेय. हसून म्हणाली, "मग आणा की तिला, धाकटी बहीण दाखवा."

आई पदर तोंडात कोंबून बाहेर गेली. बाळाचं तोंड सुटू नये म्हणून मी हलले नाही, रडलेही नाही.