बेडका आणि स्टूल

समस्त वाचकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आजचा विषय बेडका हा आहे. थुंकी नव्हे, लाळ नव्हे. छातीच्या तळातून खाकरून काढलेला अस्सल बेडका. जेवत असाल तर ताट बाजूला ठेवा. मी थांबते.

मी नंदुरबारात छातीची डॉक्टर आहे. माणूस भलत्याच दुखण्यासाठी भरती होतो, ऑपरेशन होतं, आडवा पडून राहतो. छातीत कफ साचतो आणि दवाखान्यातलेच जंतू त्यात संसार थाटतात. हा दवाखान्यात लागलेला न्यूमोनिया. जंतू निर्ढावलेले, कोणतं औषध त्यांना मारेल ते बेडका तपासल्यावरच नक्की कळतं.

आमच्याकडे तो पुरुषांना जास्त व्हायचा. विड्यांची मेहरबानी. मग आम्ही रोज सकाळी पेशंटना बसवून खोकायला लावू लागलो. पुरुष वॉर्डात कार्यक्रम असा रंगला की मिरचीच्या हंगामात मार्केट यार्डात उभं राहिल्यासारखं वाटावं. तिथले मृत्यू कमी होत गेले. महिला वॉर्डातले होईनात.

मीटिंगमध्ये दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, बायकांची फुप्फुसं वेगळ्या कंपनीची असतात का?"

"कंपनी तीच, सर. सर्व्हिसिंगमध्ये फरक असेल."

सगळे हसले. मीही हसले.

त्याच आठवड्यात कळसाडीच्या मंगलाबाईंना ताप भरला. चाळिशीच्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या. दम लागत होता. उशाशी स्टुलावर त्यांचे सासरे; सगळे त्यांना दादा म्हणत. महिला वॉर्डात पुरुषांना बसू देत नाहीत. पण दादा माजी सरपंच, त्यांना उठवणार कोण? मंगलाबाईंचा नवरा कापसाच्या वेचणीत अडकलेला, सासूचे गुडघे गेलेले, म्हणून सुनेचं सगळं तेच बघत. केळं सोलून देत आणि ती खाईपर्यंत तोंड फिरवून बसत.

"आमनी वहू भलती सोशिक शे," ते सुनेच्या कौतुकाने म्हणाले. "खोकस बी नई."

लॅबने सॅम्पल परत पाठवलं: बेडका नाही, नुसती लाळ. पुन्हा पाठवलं, पुन्हा लाळ. अंदाजाने दिलेलं औषध लागू पडेना. शेवटी मीच गेले.

"मंगलाबाई, जोरात खोका."

त्यांनी पदर आणखी खाली ओढला. ऑक्सिजनचा मास्क पदराच्या आत, आणि पदराआडून डोळे स्टुलाकडे.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. सासऱ्यासमोर ही बाई बोलत नाही, मग खाकरून थुंकेल कशी? आलेला कफ ती गिळत होती.

"दादा, चहा घेऊन या."

"मी चहा पेत नई."

"मग माझ्यासाठी आणा."

दादा दाराबाहेर पडले. मंगलाबाईंनी टाक्यांवर हात दाबून असा खोकला काढला की शेजारची पेशंट उठून बसली. बेडका आला. हिरवा, घट्ट. बक्षीस मिळाल्यासारखी डबी घेऊन मी लॅबकडे निघाले.

पण लॅबमध्ये जंतू वाढायला वेळ लागतो. छातीत ते वाट बघत नाहीत. औषधाचं नाव कळेपर्यंत मंगलाबाई व्हेंटिलेटरवर होत्या. त्या औषधाची बाटली लावली. उपयोग झाला नाही.

आता खोकण्याच्या वेळी महिला वॉर्डात एकही पुरुष नसतो. सरपंच असो नाही तर साहेब. बाई खोकत नसेल, तर छातीला स्टेथोस्कोप लावण्याआधी स्टुलावर कोण बसलंय ते बघायचं.

मंगलाबाई गेल्या त्या दिवशी दादांना कारण सांगणं माझ्याच वाट्याला आलं. रिकाम्या कॉटपाशी त्यांनी विचारलं, कफ वेळेवर का निघाला नाही. मी सांगितलं. ते स्टुलावरून हळूहळू उठले, स्टुलाकडे बघत राहिले.

"मी तं तिले एकलं वाटाले नको म्हनीसन बठेल व्हतू."