मालक मागून येतायत

नवरा गेल्यावर बाईला काय काय मिळतं, हे कुणी मोकळेपणानं सांगत नाही. मला तरी बरंच मिळालं. बँकेत रांगेत उभं न राहता खुर्ची मिळाली. भाजीवाली न मागता जास्तीचा कढीपत्ता टाकायला लागली. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली, त्यामुळे वाणातल्या प्लॅस्टिकच्या डब्या घरात यायच्या थांबल्या, हा तर निव्वळ फायदा. आणि सगळ्यांत जास्त मिळाली ती मान वाकडी करून केलेली चौकशी. ‘कशी आहेस?’ हे दोन शब्द माणसं इतक्या हळू म्हणू शकतात हे मला आधी ठाऊक नव्हतं.

दीड वर्ष मी ही चौकशी गिळली. शाळेत भूगोल शिकवते, तिथं स्टाफरूममध्ये गिळली, सोसायटीच्या जिन्यात गिळली. मग जानेवारीतल्या एका शनिवारी ठरवलं, की एक दिवस, फक्त एक दिवस, असा काढायचा की ज्यात कुणीही मला ‘अरेरे’ म्हणणार नाही. त्यासाठी ओळखीच्या माणसांपासून लांब जायला हवं होतं, आणि माझ्याकडे सायकल होती.

सायकली खरं तर दोन होत्या. नवऱ्यानं पोट कमी करायचं म्हणून दोघांसाठी गिअरच्या घेतल्या होत्या. रिटायर झाल्यावर पाचोरा ते जामनेर छोट्या रेल्वेगाडीच्या वाटेनं जायचं, आपल्याला हवं तसं, हवं तिथं थांबत, असा त्याचा बेत होता. बेत करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. त्याची सायकल तीनदा बाहेर पडली, त्यातली एक फेरी तर हवा भरायलाच होती. पोट कमी व्हायच्या आत तोच गेला.

छोटी गाडीही आता बंद झालेली आहे. ती धावायची तेव्हा तिच्यातून उतरून पेरू घेऊन परत चढता येतं, असं लोक अभिमानानं सांगायचे. आता रूळ कुठे आहेत, कुठे गवतात गडप आहेत, कुठे काढलेत. बाजूनं मात्र शेतकऱ्यांच्या मोटारसायकलींनी छान वाट पाडली आहे. कडेला कपाशी, हरभरा, मध्येच केळीचा गर्द तुकडा, एखादा लहानसा पूल. परदेशात अशा वाटेला पाट्या लावून, नकाशे छापून कौतुक करतात म्हणे. आपल्याकडे तिथं बकऱ्या असतात.

भाच्यानं सकाळी त्याच्या पिकअपमध्ये मला सायकलसकट पाचोऱ्याला सोडलं. ‘मावशी, पाच वाजता जामनेरला घ्यायला येतो. एकटी जातेस, नक्की ना?’ असं त्यानं सात वेळा विचारलं. आठव्यांदा विचारायच्या आत मी पेडल मारलं.

पहिले तीन किलोमीटर स्वर्ग होता. थंडी, कोवळं ऊन, आणि एकही ओळखीचा चेहरा नाही. मग खानदेश सुरू झाला.

आमच्याकडे माणसाला वाटेनं नुसतं जाऊ देत नाहीत. जाणारा कुठला, कुणाचा, कुठे आणि कशाला निघाला, हे कळल्याशिवाय रस्ता पुढे सरकत नाही. त्यात पन्नाशीची बाई, डोक्यावर हेल्मेट, सलवार-कमीज आणि सायकल. पहिल्या बांधावरच्या नानांनी विळा खाली ठेवला. ‘बाई, गाडी बंद पडनी का?’ नाही म्हटलं. ‘मंग सायकलवर कसाले?’ असंच म्हटलं. ‘असंच’ हे उत्तर त्यांना मुळीच पटलं नाही. ‘एकल्याच? मांगे कोनी नई?’

पुढे कापूस वेचणाऱ्या चार बायकांनी हेच विचारलं. त्यापुढे बकऱ्यावाल्या अक्कानं विचारलं आणि वर माहेर, सासर, मुलं किती, हेही विचारलं. मालक काय करतात, इथवर गाडी आली तेव्हा मी खरं सांगितलं. अक्काची मान वाकडी झाली. ‘अरे माय वं!’ ती म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला. शहरापासून साठ-पासष्ट किलोमीटर लांब येऊन मी एका बकऱ्यावाल्या बाईला समजावत बसले, की अहो, मी बरी आहे. जेवते, झोपते, खरंच बरी आहे. तिच्या एका बकरीनं तेवढ्यात माझ्या पिशवीतलं केळं सालासकट खाल्लं. तिनं मात्र कसलीच चौकशी केली नाही.

म्हणून शेंदुर्णीच्या पुढे एका वाकलेल्या म्हाताऱ्यानं ‘एकल्याच का?’ विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. अगदी सहज. ‘नाही आबा, मालक मागून येतायत. त्यांची सायकल हळू चालते.’

काय जादू झाली म्हणून सांगू! म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला. काळजी नाही, कीव नाही, चौकशी नाही. बाईच्या मागे पुरुष येतो आहे म्हटल्यावर जग जागेवर आलं. एवढं सोपं औषध मला दीड वर्ष कुणी सांगितलं नव्हतं.

पण ज्याला मी औषध समजले त्याचा दुसरा गुण लगेच दिसला. ‘मंग त्या येवालोंग बठा,’ आबा म्हणाले. म्हणजे मालक येईपर्यंत बसायचं. त्यांचं मळ्यातलं घर वाटेला लागूनच होतं आणि अंगणात त्या दिवशी भरीत चाललं होतं. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर मोठी हिरवी वांगी भाजून काढलेली, सूनबाई ती लाकडी मुसळीनं ठेचत होती. त्या वासाला नाही म्हणणारा माणूस खानदेशात जन्मलेला नसतो. मी बसले.

भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, पातीचा कांदा, ताक. मला आधी वाढलं, कारण मी म्हटलं की त्यांना वेळ लागेल, मी खाऊन पुढे होते, ते येतील मागून. दुसरं ताट वाढून सूनबाईनं त्यावर परात पालथी घातली. ते मालकांचं. आबा माझ्यासमोर खाटेवर बसले आणि त्यांनी ओळख पटावी म्हणून विचारलं, दिसतात कसे?

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण दीड वर्षात त्याच्याबद्दल मला कुणी असं काही विचारलंच नव्हतं. कसे गेले, किती वाजता गेले, शेवटी काय बोलले, हे सगळ्यांनी विचारलं. दिसतात कसे, हे कुणीच नाही. मी सांगत सुटले. उंच आहेत, पोट पुढे, निळा शर्ट. प्रत्येक पुलावर थांबून खाली पाणी आहे का बघतात, नसलं तरी बघतात. वाटेत कुणी भेटलं की पाऊसपाणी विचारत बसतात, त्यामुळे उशीर होतो, त्यांना आयुष्यात एकही गाडी वेळेवर मिळालेली नाही. आबा हसत होते. सूनबाई हसत होती. मीही हसत होते. मला त्या अर्ध्या तासात इतकं बरं वाटलं, की लाज वाटायची राहूनच गेली.

निघताना आबा म्हणाले, ‘बिनघोर जा बाई. मी वाट देखस त्यासनी.’

पुढचे आठ-नऊ किलोमीटर मी गाणं म्हणत गेले. सोडवलं की नाही स्वतःला, असं मनात स्वतःच्याच पाठीवर थाप मारत होते. भूगोल शिकवणाऱ्या बाईला एवढं साधं कळलं नाही, की वाट एकच आहे, आणि जो मागून येतोय म्हणून सांगितलं तो आला नाही तर लोक काय करतील. शहरात कुणी काही केलं नसतं. आमच्या सोसायटीत तर माणूस जिन्यात पडला तरी आधी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकतात. मी शहराचा हिशेब धरून खानदेशात खोटं बोलले, ही माझी खरी चूक.

पहूरला टपरीवर चहा घेत होते. पावणेतीन वाजले असतील. धूळ उडवत एक स्कूटी आली आणि तिच्यावर आबांची सून. पदर कमरेला खोचलेला, चेहरा लाल. तिला बघून मी चहाचा कप खाली ठेवला.

‘ताई, भाऊ आजून उनात नई! तुमनं भांडन व्हयनं का?’

भाऊ म्हणजे माझे मालक, ते अजून आले नव्हते. भांडण नाही, असं मी म्हटलं.

मग तिनं भराभरा सांगितलं. आबा खाटेवरून उठलेले नाहीत. एक वाजता त्यांनी साखर उतरवायची गोळी घेतली, जेवायच्या आधीची. आणि जेवत नाहीत. ताट वाढून ठेवलेला पाहुणा उपाशी असताना आबांनी उभ्या जन्मात घास घेतलेला नाही, आज तरी कसा घेतील? हात थरथरायला लागलेत. साखर चाटा म्हटलं तरी ऐकत नाहीत, ‘तो बिचारा कोठे पडेल व्हई, आनि मी खाऊ?’ म्हणतात. शेजारचे दोन भाऊ कापसाचं काम टाकून वाटेनं मागे गेलेत, प्रत्येक पुलाखाली उतरून बघतायत. कारण मीच सांगितलं होतं, ते पुलावर थांबतात.

मी तिथंच फोनवर आबांना काहीतरी सांगून मोकळी होऊ शकले असते. मालक दुसऱ्या रस्त्यानं आले, भेटले, जेवा तुम्ही. आणखी एक खोटं, आणि माझा दिवस शाबूत. जामनेर समोर होतं, चौदा-पंधरा किलोमीटर. खरं सांगायचं, तर तसं वाक्य माझ्या तोंडात तयारही झालं होतं. पण माझ्या नवऱ्याला दोन माणसं पुलाखाली शोधत होती. ज्याला अग्नी दिलेला मी स्वतः पाहिला, त्याला. ते वाक्य माझ्याच्यानं बोलवेना.

‘स्कूटी वळव,’ मी म्हटलं. सायकल टपरीवर टाकली आणि तिच्या मागे बसले. वाटेत तिला काही सांगितलं नाही. नवरा-बायकोचं भांडण आहे असं समजून ती सबंध वाट मला समजावत होती, की पुरुषमाणसं अशीच असतात, आपणच पुढे होऊन बोलावं.

अंगणात सात-आठ माणसं जमली होती. ते दोघं भाऊही परतले होते, पँटींना गोखरू चिकटलेले. आबा खाटेवर तसेच बसलेले, नजर वाटेकडे. मला बघून त्यांनी माझ्या मागे बघितलं. माझ्या मागे कुणी नव्हतं.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. ‘आबा, ते येणार नाहीत. दीड वर्षापूर्वी वारले. मी खोटं बोलले.’

मी शिव्यांची तयारी ठेवली होती. शिव्या परवडल्या असत्या. मला भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि तिची सुरुवात झालीच. सूनबाईच्या तोंडून ‘अरे माय’ निघालं, जमलेल्या बायकांच्या माना एका बाजूला कलायला लागल्या. गेला माझा दिवस, मला वाटलं. तोही मीच घालवला. आणि मग मला एकदम रडू आलं, त्या दिवसासाठी नाही, त्याच्यासाठी. तो गेल्यावर तेरा दिवस मी पाहुण्यांना चहा पुरवत होते, तेव्हा सवडच झाली नव्हती.

आबांनी हात वर केला. त्यांचा हात खरंच थरथरत होता. त्यांनी परात उचलून बाजूला ठेवली. खालचं भरीत गार झालं होतं, भाकरीच्या कडा वळल्या होत्या.

‘ताट त्यासनं शे,’ ते म्हणाले. ‘तसंच टाकाले जमाव नई. तुमी खावा. मंग मी खासू.’

माझं पोट दुपारचंच भरलेलं होतं. पण त्या थरथरत्या हाताकडे बघून मी ताट ओढलं आणि भराभरा खायला लागले, रडत रडत, नाक पुसत, आठ माणसांसमोर. इतकं गलिच्छ जेवण मी आयुष्यात केलेलं नाही. आबा एकटक बघत होते. अर्धं ताट झाल्यावर ते पुढे वाकले आणि मघासारख्याच, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं,

‘त्यासले तिखट चालस का?’

सूनबाईनं त्यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं. म्हातारा उत्तराची वाट बघत होता.

‘चालत नाही, आबा,’ मी म्हटलं. ‘घाम फुटतो. पण मागून घेतात.’

आबांनी मान हलवली, सूनबाईनं कधीचं वाढून ठेवलेलं आपलं ताट जवळ ओढलं आणि भाकरी मोडली.